मास्तरांच्या आधी

चाव्या उकळायच्या नसतात, हे वहिनीला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ तरी कशाला येईल? जगात कोण चाव्या उकळतं! पण वहिनीची उभी हयात इस्पितळाच्या धुणंघरात गेलेली. तापातल्या माणसाचं अंथरूण असो, पांघरूण असो की साधा रुमाल असो, सोड्याच्या पाण्यात खदखदवून काढायचं आणि कडक उन्हात वाळवूनच दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हा तिचा शिरस्ता. सासू तापातच गेली. दुसऱ्या दिवशी घरातली माणसं जिथल्या तिथं सुन्न बसून होती, पण वहिनीचे हात काही स्वस्थ बसेनात. तिनं शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. त्यात चादर टाकली, अभ्रा टाकला आणि उशीखालचा चाव्यांचा जुडगाही टाकला. लोकांच्या वस्तू लोकांना द्यायच्या तर स्वच्छ करून द्याव्यात, एवढाच तिचा भाबडा विचार होता.

जुडगा आजीचा. ती वहिनीची सासू, पण गल्लीतलं शेंबडं पोरही तिला आजीच म्हणायचं आणि त्या पोराचा आजाही आजीच म्हणायचा. जवळजवळ प्रत्येक दाराची जादा चावी तिच्याकडे असे. कुणाला रात्रपाळी, कुणाचं मूल शाळेतून लवकर येणारं, कुणी एकटं, दारामागं पडलं तर उचलायला कोण? म्हणून लोक आजीकडे चावी ठेवून जात. एक जाडजूड लोखंडी कडं, त्यात रंगीत दोऱ्यांचे फासे ओवलेले, आणि प्रत्येक फाशात एका घराची चावी. पाववालीचा पिवळा, घड्याळजींचा काळा, मास्तरांचा हिरवा. रोज सकाळी आजी खिडकीशी बसून जुडगा मांडीवर घ्यायची, एकेक चावी बोटांतून पुढं सारायची आणि त्या घराचं नाव घेऊन म्हणायची, "या दारात सुख येऊ दे. दुःख आलं तर मला हाक ऐकू येऊ दे." एवढीच तिची प्रार्थना. मग चहा, आणि मग जिथं हाक असेल तिथं. धाकटा मुलगा चेष्टेनं म्हणायचा, "आमच्या आईचा देव कुलपांच्या कारखान्यात कामाला आहे." आजी म्हणायची, "असेना का. नोकरीला तरी आहे, तुझ्यासारखा घरी बसून नाही."

पातेल्यातलं पाणी वहिनीनं ओतलं. सगळ्या दोऱ्यांचा रंग पाण्यात गेला होता. ना पिवळा, ना काळा, ना हिरवा; एकजात सगळे मळकट, फरशी पुसायच्या फडक्यासारखे. आणि त्याहून वाईट म्हणजे एक फासा रिकामा होता. वहिनीनं पातेलं चाचपलं, मोरीची जाळी काढून आत हात घातला, वाळत घातलेली चादर तीनतीनदा झटकून पाहिली. चावी कुठंही नव्हती. जाण्याच्या आदल्या दिवशी, दोन्ही मुलगे उशाशी उभे असताना, आजीनं हा जुडगा सुनेच्या हातात ठेवला होता. "तू सांभाळ," म्हणाली होती, "यातलं एकही दार माझ्या हातून सुटलेलं नाही. तुझ्याही सुटू नये." वहिनीनं तो तेव्हापुरता तिच्याच उशीखाली सरकवला होता. आणि आजी जाऊन एक दिवस होत नाही तोच एक दार सुटलं होतं. वहिनीनं जुडगा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवला, वरून फडकं टाकलं आणि कुणाला काही बोलली नाही.

कुणी चाव्या मागितल्याही नाहीत. दुःखाच्या घरी जाऊन चावी कशी मागायची? एकट्या मास्तरांची अडचण होती, कारण त्यांच्याकडे स्वतःची चावी नव्हतीच, ती कधीच हरवली होती. त्यांच्या दाराचं कुलूप ओढलं की लागणारं, आणि चाकाच्या खुर्चीतून उठून ते आतून उघडणं त्यांना जमत नसे. मग पाववालीनं त्यांच्या उंबऱ्यात एक वीट लावून ठेवली, दार मिटू नये म्हणून. येताजाता ज्याला जमेल तो त्यांना चहा आणि जेवण देऊन येत होता.

रविवारी प्रार्थनाघरात आजीच्या आठवणी काढायला सगळे जमले. बाकं भरली, मागं माणसं उभी राहिली. घड्याळजी उठले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझ्या बायकोचं अखेरचं आजारपण," ते म्हणाले, "आजी रोज यायच्या. चावी त्यांच्या हातात असायची, तरी बाहेर उभ्या राहून आधी खाकरायच्या. मी म्हटलं, आजी, सरळ आत या ना. तर म्हणाल्या, चावी हातात आहे म्हणून घर माझं होतं का?" एवढं बोलून ते बसले. पाववाली उठली ती रडतच, तिच्या बोलण्यातलं निम्मं कुणाला कळलं नाही, पण तिच्याबरोबर निम्मं प्रार्थनाघर रडलं. मग वहिनीची मुलगी उभी राहिली. बालवाडीत शिकवणारी, मोठ्या आवाजात बोलायची सवय, पण आज तिचा आवाज चिरकला. "लहानपणी मला आजीचा फार राग यायचा," ती म्हणाली. "माझी आजी, आणि सगळ्या गल्लीनं वाटून घेतलेली. माझ्या वाट्याला रात्रीची तेवढी यायची, दमून झोपलेली. पण ती झोपेतसुद्धा माझ्या पाठीवर थोपटायची. तेवढी माझी होती."

सगळ्यात मागच्या बाकावर आजीची मुलगी बसली होती. नदीपलीकडे तिचं शिवणाचं दुकान. सहा वर्षं तिनं या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं, आणि आली ती आई गेल्याचं कळल्यावरच. मायलेकींचं फाटलं होतं एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा आई महिनाभर राहायला म्हणून गेली आणि तिसऱ्याच दिवशी पिशवी उचलून परत आली, कारण इकडे एकटे राहणारे मास्तर घरात पडले होते. पुढं काय झालं ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही.

थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, वळून हलकेच म्हणाला, "बाळी, तूही दोन शब्द बोल. लोक बघतायत."

"माझ्याकडे दोनच शब्द आहेत, दादा," ती म्हणाली, "आणि ते इथं बोलण्यासारखे नाहीत."

घरी आल्यावर ओट्यावर माणसं बसली, आत भावंडं. वहिनीनं चहाचं आधण ठेवलं आणि फडक्याखालच्या जुडग्याकडे पाठ करून उभी राहिली. मनात म्हणाली, आज तरी कुणी चाव्यांचं नाव काढू नये. पण आधी वेगळंच नाव निघालं.

"मला कळवलं का नाहीस?" नणंदेनं थोरल्याला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "चार दिवस ताप होता तिला. चार दिवस, दादा. नदीपलीकडे राहते मी, समुद्रापलीकडे नाही."

थोरला बस डेपोत मिस्त्री. इंजिनाशी बोलायला त्याला बरं वाटे, माणसांशी नाही. तो हाताच्या नखातलं काळं कोरत राहिला. "तूच म्हणाली होतीस, माझा आणि या घराचा संबंध संपला."

"मी रागात म्हटलं. रागातलं बोलणं काय दगडावरची रेघ असते?"

"कळवलं असतं तर आली असतीस?"

"विचारायचं तरी होतंस!"

"मी आईला विचारलं," थोरला शेवटी म्हणाला. "बाळीला बोलावू का, म्हणून. ती म्हणाली, राहू दे, तिची प्रकृती नाजूक, तिला धावपळ नको. झालं समाधान?"

"धावपळ नको," नणंद म्हणाली. "मास्तरांसाठी तिनं स्वतः धावपळ केली, माझ्या टाक्यांची जखम ओली असताना. आणि स्वतः मरताना मला धावपळ नको? सरळ सांग ना, तिला मी नको होते."

"ताई, असं नसतं गं," धाकटा म्हणाला.

"तुला काय कळतं? तू जवळ होतास, तुला नुसतं चालत यायचं होतं." ती उठली, आईच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. वहिनीला वाटलं आपण मागोमाग जावं, पण जाऊन बोलायचं काय? लष्कराच्या भाकऱ्या भाजता भाजता बाईची घरची चूल थंड राहिली, असं वहिनीनंही मनात कितीदा म्हटलं होतं.

विषय बदलावा म्हणून धाकट्यानं बरोबर नको तोच विषय काढला. "लोक आलेच आहेत, तर चाव्या वाटून टाकू या. आईनंतर कोण सांभाळणार?" आणि वहिनी हात पुढं करते न करते तोच त्यानं फडकं उचललं. "हे काय? दोरे असे कसे?"

"मी उकळले," वहिनी म्हणाली.

"काय उकळले?"

"चाव्या. दोऱ्यांसकट. ताप होता ना आईंना."

धाकट्याला हसू फुटलं. आठवडाभरात या घरात कुणी हसलं नव्हतं. "वहिनी, मीठ घातलं होतंस की नाही?"

"हसतोस काय!" थोरला कडाडला, आणि बायकोकडे वळला. "अगं, तुझ्या हाताला काही आवर? दिसलं की धू, दिसलं की उकळ. आता कुठली चावी कुणाची, कसं कळायचं?"

धाकटा हसत हसतच कडं फिरवत होता, तो थांबला. "आणि हा रिकामा कसा? यातली कुठं गेली?"

"माहीत नाही," वहिनी म्हणाली. "आठवडाभर शोधतेय. मोरी उपसली, अंगण झाडलं. मी हरवली. आईंनी माझ्या हातात दिला होता, आणि मी हरवली." आठवडाभर कोंडलेलं सगळं बाहेर आलं आणि ती तिथंच पाटावर बसून हमसून हमसून रडायला लागली.

आता धाकट्याचं हसू गेलं. "म्हणजे कुणाच्या तरी घराची चावी गटारात? वहिनी, हे फार झालं. उद्या चोरी झाली तर आपल्या घराचं नाव येईल. दिला कशाला आईनं तुझ्याकडे..."

"पुरे," थोरला म्हणाला. आत्ता कडाडलेला माणूस, पण त्याचा आवाज एकदम उतरला होता. "आईनं तिच्याकडे दिला कारण तुझ्यामाझ्याकडे द्यायची तिची छाती झाली नाही. आपण दोघांनी आठवडाभरात काय केलं? बसलो. तिनं धुणं तरी धुतलं. एक शब्द बोलू नकोस तिला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं चारचौघांत आपली बाजू घेतल्याचं वहिनीला आठवत नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात ओट्यावरून पाववालीची हाक आली, "अहो, घरात कोण आहे का? मास्तर बाहेर अडकलेत!"

झालं होतं ते असं. मास्तरांना चाकाच्या खुर्चीत बसवून पाववालीनंच प्रार्थनाघरात नेलं होतं. निघताना तिच्या मनात आलं, सगळी गल्ली बाहेर, दार सताड उघडं, चोराचं फावेल. म्हणून तिनं शहाणपणानं वीट काढली आणि दार ओढलं. दार लागलं. आता मास्तर स्वतःच्या दारात ऊन खात बसले होते आणि त्यांच्या घराची जगातली एकुलती एक चावी त्या मळकट जुडग्यात होती. किंवा नव्हती. वहिनीच्या मनात पहिल्यांदा तेच आलं: हरवलेली चावी मास्तरांचीच असेल तर?

सगळे गेले. थोरला, धाकटा, वहिनी, तिची मुलगी, ओट्यावरची माणसं. मास्तरांना ऐकायला कमी यायचं, म्हणून पाववाली त्यांच्या कानाशी ओरडत होती, "चावी येतेय, मास्तर! घाबरू नका!"

"मी घाबरलेलो नाही," मास्तर म्हणाले, "आणि घाईतही नाही. ज्यांना घाई होती त्या गेल्या." आणि पांघरुणाच्या टोकाची घडी करत बसले.

धाकटा एकेक चावी लावून बघू लागला. जुनं, रुसकं कुलूप, त्यात चावी आधी नीट बसवायची, मग हिसडा द्यायचा. दोन चाव्या आत अडकल्या, त्या काढताना त्याच्या बोटाचं साल निघालं. "असं केलं तर कुलूप मोडेल," थोरला म्हणाला. "आई लावायची कशी? अंधारातसुद्धा एका फटक्यात."

"आजी रंग बघायचीच नाही," मुलगी म्हणाली. "पहाटे प्रार्थना म्हणायची तेव्हा दिवासुद्धा लावलेला नसायचा. तिला क्रम पाठ होता. मलाही आहे. झोपेत ऐकून ऐकून पाठ झालाय. पाववाली, घड्याळजी, सुईणबाई, कोपऱ्यावरचा न्हावी... मास्तर जवळजवळ शेवटी."

"मग झालंच की!" घड्याळजी पुढं आले. "क्रम तर उकळून जात नाही. त्या क्रमानं मोजा."

"पण सुरुवात कुठून?" मुलीनं कडं हातात घेतलं. "कडं गोल. पहिली कुठली आणि शेवटची कुठली?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत. सगळे त्या गोल कड्याकडे बघत राहिले. वहिनीही बघत होती. तिची नजर पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या फाशावर जात होती, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तशी. आणि बघता बघता तिच्या कानात तिचाच आवाज आला. सकाळचा, स्वयंपाकघरातला, घाईचा आवाज. "मास्तर! पुढं मास्तर, आई! चहा उतू चाललाय!"

रोजचं होतं ते. आजी खिडकीशी, वहिनी शेगडीशी. आजीची नावं लयीत चालायची, एकामागून एक, आणि दर सकाळी एकाच ठिकाणी थांबायची. बोटं थांबायची, ओठ नुसते हलायचे, शब्द बाहेर यायचा नाही. सुरुवातीला वहिनीला वाटलं खोकला आला. मग वाटलं, वय झालं, सासूबाई नाव विसरायला लागल्या. धुणंघरात मैत्रिणींना तिनं सांगितलंही होतं, "आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली आठवते, एक मास्तर तेवढे आठवत नाहीत." धुणंघराची पाळी गाठायची असायची, चहा वर यायचा, म्हणून वहिनी आतून नाव पुरवायची. आजी म्हणायची, "हो गं, मास्तर," आणि पुढं जायची. सहा वर्षं वहिनी त्या बाईला मदत करत होती. पण अडखळणारी बाई मास्तरांच्या चावीवर नव्हती. ती मास्तरांच्या आधीच्या जागेवर, त्या रिकाम्या फाशावर होती.

"इकडे दे," वहिनी म्हणाली. तिनं रिकामा फासा अंगठ्याखाली धरला आणि त्याच्या उजव्या बाजूची चावी कुलपात घातली. फिरेना. तिनं डाव्या बाजूची घातली, हिसडा दिला, आणि दार उघडलं.

पाववालीनं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वर बघून विचारलं, "आली का ती?" आणि ती म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं. थोरल्यानं खुर्ची उंबऱ्यावरून आत घेतली.

मग मास्तरांच्या पुढून मुलगी नावं घेत गेली आणि वहिनी चाव्या काढून देत गेली. शेवटपर्यंत, आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकानं आपापल्या दारावर जाऊन लावून पाहिली. एकही चुकली नाही, आणि एकही माणूस चावीवाचून राहिला नाही. कड्यात फक्त रिकामे फासे उरले. घड्याळजी आपली चावी घेऊन चार पावलं गेले आणि परत आले. "ही मी घेऊन काय करू?" ते म्हणाले. "माझं दार उघडायला माझ्याकडे चावी आहे. ही दुसऱ्याकडे असण्यासाठीच केलेली." त्यांनी ती वहिनीच्या हातात ठेवली. "फक्त उकळू नकोस." त्यांच्यामागून पाववाली आली, मग सुईणबाई, मग एकेक करून बाकीचे. वहिनी नको नको म्हणत होती आणि एकेक चावी पुन्हा आपल्या फाशात घालत होती.

एकच फासा मोकळा राहिला. गल्लीत त्याचा धनी कुणी नव्हता.

थोरल्याच्याही ते लक्षात आलं असावं. घरी येताना तो बायकोच्या शेजारून चालत होता, एरवी चार पावलं पुढं असायचा. दाराशी आल्यावर म्हणाला, "बाळीला तूच सांग. माझ्यानं होणार नाही." आणि धाकट्याला घेऊन ओट्यावरच बसला.

नणंद आईच्या खोलीत, उघड्या गादीवर बसली होती. पिशवी खांद्याला, निघायच्या तयारीत. वहिनी म्हणाली, "वन्सं, जाताय त्या जा, पण चहा घेऊन जा. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या." ती कशीबशी उठून स्वयंपाकघरात आली आणि उभीच राहिली. वहिनीनं नवं आधण ठेवलं आणि जुडगा तिच्यापुढं धरला.

"यातली एक माझ्या हातून हरवली, असं मी समजत होते."

नणंदेनं कडं घेतलं. रंग गेले होते, पण शिवणाऱ्या बाईच्या बोटांना दोरा कळायला रंग लागत नाही. तिचं बोट सरळ त्या फाशात गेलं. "काजाचा दोरा," ती म्हणाली. "माझ्याच पेटीतला. लाल होता." तिनं फासा बोटाभोवती आवळला. "हरवली नाही वहिनी. माझ्याकडे आहे. मीच काढून घेतली."

"कधी?"

"ती पिशवी भरून निघाली तेव्हा. मला नीट उभंही राहता येत नव्हतं. मी दार धरून उभी राहिले आणि म्हटलं, जायचं तर जा, पण माझ्या घराची चावी ठेवून जा. ती दोरा सोडवत बसली. तिच्या हाताला सुटेना. मग मीच ओढून घेतली आणि म्हटलं, जा आता, तुझे मास्तर वाट बघत असतील." मग म्हणाली, "दोरा राहिला कड्यात. मला वाटलं, वाटेतच काढून फेकला असेल."

"फेकला नाही."

"हो, नाही फेकला. विसरली असेल. सगळ्या गल्लीची उस्तवार करणाऱ्या बाईला एक दोरा काढायला कुठली सवड?" ती हसायला गेली, जमलं नाही. "जाऊ दे. आता काय त्याचं."

इथं गप्प बसता आलं असतं. वहिनीनं चहात साखर टाकली, ढवळली, आणि गप्प बसली नाही.

"विसरल्या नव्हत्या," ती म्हणाली. "विसरतात असं मी म्हणत होते. रोज सकाळी नावं घेताना त्या एका ठिकाणी थांबायच्या. मला वाटायचं, पुढचं नाव आठवत नाही. मला आज कळलं, मास्तरांच्या दारात. त्यांची बोटं या फाशावर असायची."

"माझं नाव घ्यायची?"

"ऐकू यायचं नाही. नुसते ओठ हलायचे."

"किती वेळ?"

"चहा वर येईपर्यंत. पुढचं मला माहीत नाही, वन्सं. मी थांबू दिलंच नाही कधी. मला कामावर जायची घाई, मी इथूनच ओरडायचे, मास्तर, पुढं मास्तर म्हणून. एक दिवस तरी गप्प राहिले असते, तर तुम्हाला सांगायला माझ्याकडे काहीतरी असतं."

नणंद रागावेल, असं वहिनीला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"रोज?"

"रोज. तापात होत्या तेव्हासुद्धा. शेवटच्या सकाळीसुद्धा."

"आणि मग मास्तर?"

"मग मास्तर."

"म्हणजे मास्तरांच्या आधी मी," नणंद म्हणाली. तिच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली आली, तिनं ती उचलली नाही. "वहिनी, सहा वर्षं मी त्या म्हाताऱ्याचा दुस्वास केला. आणि रोज सकाळी तिनं मला त्याच्या आधी घेतलं." एवढं बोलली आणि तिचा बांध फुटला. आई गेल्याचं कळल्यापासून ती रडली नव्हती. आता ती लहान मुलीसारखी तोंड उघडं टाकून रडली, ओट्यावर भावांना ऐकू जाईल याची पर्वा न करता. वहिनीनं तिला जवळ घेतलं. ती तिच्या पाठीवर थोपटत राहिली.

बऱ्याच वेळानं नणंद शांत झाली. डोळे पुसून खिडकीशी गेली, आजीच्या जागेवर बसली आणि कडं मांडीवर घेतलं. तिला क्रम ठाऊक नव्हता, बाकीच्या घरांची नावंही आता आठवत नसतील. तिनं तो एकच फासा बोटांत धरला आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले.

शेगडीवरचा चहा कडेला आला. सवयीनं वहिनीनं मान वळवली, सवयीनं तिच्या जिभेच्या टोकावर मास्तर आले. तिनं ओठ घट्ट मिटले. चहा उतू गेला, चरचरला, शेगडी विझली, ओघळ खाली जमिनीवर आला. तो पुसायलाही वहिनी हलली नाही.